सिरिमावो बंदरनायके : घर आणि देश

आपल्या विहारात महिला मंडळाची बैठक बसली की एक विषय हमखास निघतो. घर सांभाळून समाजाचं काम करायचं कसं? कुणाची मुलं लहान, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या मालकांना संध्याकाळी बाहेर पडलेलं चालत नाही. बैठक संपते, सतरंजी गुंडाळली जाते आणि प्रश्न तिथंच राहतो. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, आपण एका अशा बाईची हकीकत सांगू की जिच्या उंबरठ्यावर हा प्रश्न फार वेगळ्या तऱ्हेनं येऊन उभा राहिला. ती बाई म्हणजे श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके. निवडणुकीच्या मार्गाने पंतप्रधान झालेली जगातील पहिली स्त्री. आपल्या इंदिराबाई १९६६ साली पंतप्रधान झाल्या, या त्यांच्याही साडेपाच वर्षे आधी.

श्रीलंका आपल्याला परकी नाही. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन तिथं गेली, हे आपली लहान मुलंसुद्धा सांगतात. १९५० साली बाबासाहेब आंबेडकर कँडीला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. त्या देशाला आपण बौद्धांचा देश म्हणून मान देतो आणि तो द्यावाच. पण तिथली माणसंही माणसंच आहेत, हे या चरित्रात जागोजागी दिसेल. तेव्हा गोड तेवढंच सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलेलं नाही.

सिरिमा यांचा जन्म १७ एप्रिल १९१६ रोजी रत्नपूर येथे, आजोळी झाला. सिरिमा हे पाळण्यातलं नाव. शेवटचा 'वो' हा मानाचा, आपण नावापुढे 'बाई' लावतो तसा. वडिलांचं घराणं रतवत्ते. कँडीच्या राजाच्या काळापासूनची सरदारकी. १८१५ साली कँडीचं राज्य इंग्रजांकडे गेलं, त्या करारावर सही करणाऱ्यांत यांचा एक पूर्वज होता. म्हणजे जमीनजुमला, नोकरचाकर, वाडा, सगळं आलं. जातीनंही हे घराणं वरच्या पायरीवरचं. हो, सिंहली बौद्धांतही जाती आहेत. आपल्या माणसांना हे ऐकून धक्का बसतो, पण तिथं गोविगम म्हणजे शेतकरी जात वरची मानतात आणि त्यातही हे सरदार लोक सर्वांत वरचे. भिक्षुसंघाच्या एका मोठ्या शाखेत दीक्षासुद्धा जात पाहून दिली जाते. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात याला जागा नाही, ही आपली कमाई किती मोठी आहे ते अशा वेळी कळतं.

सहा भावंडांत सिरिमा थोरल्या. चार भाऊ आणि एक बहीण यांच्या पाठीराख्या. आई आयुर्वेदिक औषधं देत असे, त्यामुळे घरी गोरगरीब येत. शिक्षणासाठी त्यांना कोलंबोच्या सेंट ब्रिजेट कॉन्व्हेंटमध्ये घातलं. ख्रिस्ती नन्सच्या शाळेत शिकल्या, बौद्ध त्या बौद्धच राहिल्या. शाळा संपल्यावर इतर सरदारकन्यांसारखं लग्नाची वाट बघत वाड्यात बसण्याऐवजी त्या खेड्यांत औषधं आणि धान्य वाटायला जाऊ लागल्या. तसं पाहिलं तर सार्वजनिक कामाची सुरुवात ही अशी, लग्नाच्याही आधीची.

लग्न झालं २ ऑक्टोबर १९४० रोजी. नवरदेव सॉलोमन बंदरनायके. ऑक्सफर्डला शिकून आलेले, वक्तृत्वात तरबेज, सरकारात मंत्री, मूळचं घराणं ख्रिस्ती, स्वतः पुढे बौद्ध झालेले. वयानं सतरा वर्षांनी मोठे. लग्न घरच्यांनीच जुळवलं, पत्रिकाही पाहिली. (पत्रिकेचा हा रोग समुद्रापलीकडेही आहे.) सिरिमा तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या.

कोलंबोत रोझमीड प्लेस नावाच्या रस्त्यावर या जोडप्याचं घर. तिथं पुढच्या साठ वर्षांचा इतिहास घडला म्हणा ना. मुलं तीन झाली. १९४३ साली सुनेत्रा, १९४५ साली चंद्रिका आणि १९४९ साली अनुरा. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत राजकारणी माणसांची वर्दळ. त्यांचं चहापाणी, जेवणखाण, कोण रुसला, कोण कशाला आला, हे सगळं बाईंनी पाहायचं. बायकांनी राजकारणात पडावं असं साहेबांना काही वाटत नव्हतं. त्या काळी किती पुढाऱ्यांना वाटत होतं? आज तरी किती जणांना वाटतं?

पण १९४१ सालीच त्या लंका महिला समितीत दाखल झाल्या होत्या. डॉ. मेरी रत्नम यांनी १९३० साली ही संस्था काढली. खेडोपाडी बायकांच्या समित्या. भाताचं पीक वाढवा, मुलींना शाळेत घाला, पाळणा लांबवा, मताचा हक्क बजावा, असं काम. सिरिमाबाई तिथं आधी साध्या सभासद, मग खजिनदार, मग उपाध्यक्ष आणि शेवटी अध्यक्ष झाल्या. लोक म्हणतात की ही बाई स्वयंपाकघरातून उठून एकदम पंतप्रधान झाली. ते खोटं आहे. वीस वर्षं ही बाई गाडीनं, पायी, बांधाबांधावरून खेड्यातल्या बायकांत हिंडलेली होती. फक्त त्याची कुणी नोंद ठेवली नाही, कारण ते महिला मंडळाचं काम होतं. आपल्या मंडळातल्या भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी म्हणून मुद्दाम लिहिते.

नवऱ्याच्या राजकारणातही त्यांचा शब्द होता, पण तो घरातला. सत्तेत असलेल्या युनायटेड नॅशनल पार्टीत साहेबांची कुचंबणा होत होती. राजीनामा द्या, असा आग्रह बाईंनी धरला. १९५१ साली साहेब बाहेर पडले आणि त्यांनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली. १९५२ च्या निवडणुकीत साहेब देशभर फिरत होते आणि त्यांचा अत्तनगल्ला मतदारसंघ बाईंनी सांभाळला. पक्षाला त्या वेळी नऊच जागा मिळाल्या. पण १९५६ साली वारं फिरलं. ते बुद्धजयंतीचं वर्ष, भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तिकडे लंकेत वैद्य, शिक्षक, शेतकरी, कामगार आणि भिक्षू हे सारे बंदरनायके यांच्या मागे उभे राहिले आणि ते पंतप्रधान झाले. सिंहली हीच राजभाषा, असा कायदा त्यांनी त्याच वर्षी केला. तमिळ माणसांच्या मनात त्या दिवशी जी गाठ बसली ती नंतर कुणालाच सोडवता आली नाही.

आता तो दिवस. २५ सप्टेंबर १९५९. साहेब रोजच्यासारखे घराच्या व्हरांड्यात लोकांना भेटत होते. पहारा अगदी नावापुरता होता. भेटायला आलेल्यांत चीवर घातलेला एक भिक्षू होता. तलदुवे सोमाराम त्याचं नाव, डोळ्यांचा वैद्य. भिक्षू दिसला म्हणून पंतप्रधानांनी रीतीप्रमाणे वाकून वंदन केलं. त्यानं चीवरातून पिस्तूल काढलं आणि गोळ्या झाडल्या. बाई घरातच होत्या. दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबरला, साहेब गेले. जाण्यापूर्वी रुग्णालयातून त्यांनी जनतेला निरोप पाठवला, त्यात त्या माणसावर सूड उगवू नका, दया दाखवा असं सांगितलं होतं.

पुढे खटल्यात निघालं ते असं, की कट केलानिया विहाराचा प्रमुख भिक्षू बुद्धरक्खित याचा होता. १९५६ साली यानंच साहेबांचा प्रचार केलेला. नंतर व्यापारातली कंत्राटं मागितली, ती मिळाली नाहीत, म्हणून वैर. हे लिहिताना हात जड होतो. एका विहाराच्या स्मरणिकेत हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण चीवर पाहून डोळे झाकायचे नसतात. कालामांना भगवंतांनी तेच तर सांगितलं होतं. सोमारामला ६ जुलै १९६२ रोजी फाशी झाली. तेव्हा पंतप्रधान कोण होत्या? सिरिमावोबाईच. साहेबांच्या सरकारनं फाशीची शिक्षा स्थगित ठेवली होती, त्यांच्या खुनानंतर ती परत आणली गेली. पतीनं मरताना दया मागितली आणि पत्नीच्या राजवटीत दोर ओढला गेला. यात चूक कोणाची हे ठरवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

त्या वेळी बाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. मुलगी सोळा वर्षांची, दुसरी चौदाची, मुलगा दहाचा. आपल्यात अशा बाईला नातेवाईक काय सांगतात? मुलांकडे बघ. तिलाही तसंच वाटलं होतं. राजकारणात पडायची तयारी सुरुवातीला नव्हती. पण पक्ष मोडायला आला. मार्च १९६० च्या निवडणुकीत बाईंनी प्रचार केला, तरी पक्षाच्या ४६ जागा आल्या, युनायटेड नॅशनल पार्टीच्या ५०. ते सरकार महिनाभरातच पडलं. मे महिन्यात पक्षानं बाईंनाच अध्यक्ष केलं आणि त्या पांढऱ्या साडीत गावोगाव निघाल्या. सभेत साहेबांच्या भाषणांच्या टेपा लावत. लोक रडत, त्याही रडत. विरोधकांनी रडकी विधवा म्हणून टिंगल केली. बाईमाणसाचं राज्य आलं तर काय होईल, याचे विनोद झाले, आणि ते कसल्या पातळीचे होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. जुलैत निकाल लागला, १५१ पैकी ७५ जागा. २१ जुलै १९६० रोजी सिरिमावो पंतप्रधान झाल्या. खासदार नव्हत्याच, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांना सिनेटवर घेतलं.

सहानुभूतीनं निवडून आल्या, हे खरं. पण सहानुभूतीवर राज्य चालत नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या धर्मसंस्थांच्या शाळा ताब्यात घेतल्या. यात बहुतेक ख्रिस्ती मिशनच्या. कॅथॉलिक पालक शाळांत ठाण मांडून बसले, देश पेटतो की काय असं झालं. स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईनं हे केलं. खेड्यातल्या बौद्ध पोरांना चांगली शाळा मिळावी हा हेतू. मग बँक ऑफ सिलोन सरकारी केली, खेड्यातल्या माणसाला कर्ज मिळावं म्हणून पीपल्स बँक काढली, परदेशी कंपन्यांचा पेट्रोलचा धंदा सरकारकडे घेतला. अमेरिकेनं १९६३ साली मदत थांबवली, तरी बाई हटल्या नाहीत.

जानेवारी १९६२ मध्ये लष्करातल्या आणि पोलिसांतल्या बड्या अधिकाऱ्यांनी सरकार उलथवायचा बेत केला. बाईंना अटक करायची, सगळं ठरलेलं. तो फुटला कसा, ते ऐका. कटात ओढलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यानं घरी बायकोला सांगितलं, बायकोनं वडिलांना सांगितलं आणि वडील होते बाईंच्या पक्षाचे खासदार. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. राज्य वाचलं!

त्याच वर्षी भारत आणि चीन यांचं युद्ध झालं. डिसेंबरात बाईंनी कोलंबोला सहा देशांची परिषद बोलावली आणि तोडग्याचे प्रस्ताव घेऊन जानेवारी १९६३ मध्ये स्वतः पेकिंगला आणि दिल्लीला गेल्या. तोडगा काही निघाला नाही, चीननं पूर्ण मान्य केला नाही. पण एका लहानशा बेटाची विधवा पंतप्रधान माओ आणि नेहरू यांच्यात मध्यस्थी करते, हे जगानं पाहिलं.

इतका वेळ कौतुक झालं. आता जे बोलायला हवं ते बोलते.

लंकेच्या डोंगराळ भागातल्या चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी दक्षिण भारतातून मजूर नेले होते. तमिळ माणसं. त्यातली बहुतेक कोण होती? पळ्ळर, परैयर, चक्किलियर. म्हणजे गावकुसाबाहेरची, आपल्यासारखीच. भाकरीसाठी समुद्र ओलांडून गेली, चाळीतल्या एका खोलीत आख्खं कुटुंब राहिलं, थंडीपावसात पाठीला टोपली बांधून बायकांनी पानं खुडली आणि त्या चहावर लंकेची तिजोरी भरली. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ साली तिथल्या सरकारनं कायदा करून यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. तेव्हा बाई सत्तेत नव्हत्या. पण ३० ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी आणि लालबहादूर शास्त्रींनी करार केला. माणसं एकूण ९,७५,०००. त्यातली ५,२५,००० भारतानं घ्यायची, ३,००,००० लंकेनं ठेवायची, उरलेल्या १,५०,००० चं पुढे बघू. १९७४ साली सिरिमावो आणि इंदिराबाई यांनी ती अर्धी अर्धी वाटून घेतली.

वाटून घेतली, हाच शब्द बरोबर आहे. घरातली भांडी वाटावीत तशी. ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी बोलावून विचारलं नाही. तिथंच जन्मलेली, भारत कधी न पाहिलेली माणसं तलैमन्नारहून बोटीत बसून रामेश्वरमला उतरली आणि मंडपमच्या छावणीत गेली. काहींना निलगिरीत पुन्हा चहाच्याच मळ्यांवर नेलं. घराघरांत ताटातूट झाली, कुणी तिकडे राहिलं, कुणी इकडे आलं. मुलांना पोटाशी धरून राज्य करणाऱ्या बाईला त्या मळ्यातल्या आया दिसल्या नसतील का? मला वाटतं, दिसल्या नाहीत. वाड्यातून बाहेर पडून खेड्यातल्या सिंहली बाईपर्यंत त्या पोचल्या, पण मळ्यातल्या चाळीपर्यंत नाही. तमिळ लोकांनी १९६१ साली जाफन्यात सत्याग्रह केला तेव्हाही बाईंनी लष्कर पाठवलं, आणीबाणी लावली. बौद्ध राष्ट्राच्या पंतप्रधानांकडून आपण मैत्रीची अपेक्षा करतो, म्हणून हे जास्त लागतं.

डिसेंबर १९६४ मध्ये एका मतानं सरकार पडलं. पाच वर्षं विरोधी पक्षनेतेपदावर काढली. मुलं याच काळात मोठी झाली. सुनेत्रा ऑक्सफर्डला, चंद्रिका पॅरिसला, अनुरा पुढे लंडनला शिकला. आई पंतप्रधान असो की विरोधी बाकावर, शिक्षणात खंड पडला नाही. माझ्या मते ही त्यांची मोठीच कामगिरी आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

१९७० साली डाव्या पक्षांना बरोबर घेऊन त्या पुन्हा आल्या, १५१ पैकी ११६ जागा घेऊन. स्वस्त तांदळाचं आणखी एक माप देऊ, हे वचन होतं. वर्ष उलटायच्या आत, एप्रिल १९७१ मध्ये, शिकलेल्या पण बेकार तरुणांनी सशस्त्र उठाव केला. बहुतेक पोरं सिंहली, बौद्ध, खेड्यातली, म्हणजे ज्यांच्यासाठी शाळा काढल्या तीच. बाईंना पळवून नेण्याचाही त्यांचा बेत होता. सरकारनं उठाव मोडून काढला, भारतानं हेलिकॉप्टरं पाठवली. हजारो पोरं मारली गेली.

२२ मे १९७२ रोजी सिलोन जाऊन श्रीलंका प्रजासत्ताक झालं. इंग्लंडच्या राणीचा शेवटचा धागा तुटला. घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. त्याच साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली, ५० एकर, भाताची जमीन असेल तर २५. यात रतवत्ते आणि बंदरनायके या दोन्ही घराण्यांची जमीन गेली. स्वतःच्या माहेरची आणि सासरची जमीन कायद्यानं जाऊ देणारे पुढारी आपल्याकडे किती निघाले, ते वाचकांनीच मोजावं. ऑगस्ट १९७६ मध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद कोलंबोला भरली आणि बाई तिच्या अध्यक्ष झाल्या. तो त्यांचा सर्वांत मोठा दिवस.

पण बाहेर रांगा होत्या. १९७३ पासून तेल आणि धान्य महागलं, परदेशी चलन संपलं. बाईंनी देश काटकसरीत घातला. आयात बंद, जे पिकेल तेच खा. महिनाअखेरीला आपण घर चालवतो तसंच. पाव, कापड, साखर, सगळ्याला रांग. एका भागातून दुसऱ्या भागात चार शेर तांदूळ न्यायचा तरी वाटेत नाकी. गृहिणी म्हणून मला यात त्यांचा दोष पूर्णपणे दिसत नाही. घरातल्या बाईनं काटकसर केली तर घरचे कुरकुरतात आणि जेवतात. देशाचं तसं नसतं.

घरचे म्हणताना आणखी एक आठवलं. बाईंचा विश्वास कुणावर? घरच्यांवर. पुतण्या फेलिक्स डायस बंदरनायके आधी अर्थमंत्री, नंतरही त्यांचा उजवा हात. भाऊ खाजगी सचिव. थोरली लेक कार्यालयात. धाकटी जमीन सुधारणेच्या कामात. मुलगा पक्षाच्या युवक संघटनेत. ज्या बाईचा नवरा स्वतःच्याच व्हरांड्यात, ओळखीच्या माणसांच्या कटात मारला गेला, तिला परक्यावर विश्वास ठेवणं जड गेलं असेल, हे मी समजू शकते. पण लोकांनी त्याला घराणेशाही म्हटलं आणि तेही खोटं नव्हतं. त्यात आणीबाणी वर्षानुवर्षं चालू ठेवली, निवडणूक दोन वर्षं लांबवली. १९७७ साली लोकांनी हिशेब चुकता केला. पक्षाच्या जागा आठ! विरोधी पक्षनेतेपदसुद्धा तमिळ पक्षाकडे गेलं.

मग सूड सुरू झाला. नवे सत्ताधीश जयवर्धने यांनी चौकशी आयोग नेमला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये संसदेनं बाईंचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेतले. खासदारकी गेली. चौसष्ट वर्षांची बाई, जगातली पहिली महिला पंतप्रधान, तिला निवडणुकीला उभं राहता येईना, प्रचारही करता येईना. १९८६ च्या जानेवारीत हक्क परत मिळाले. मळ्यातल्या लाखो मजुरांना नागरिकत्व नसणं म्हणजे काय ते चाळीस वर्षं भोगावं लागलं. बाईंना त्यातला अगदी लहान घोट प्यावा लागला. त्यांना तेव्हा ती माणसं आठवली का, कोण जाणे.

या काळात घरातही फूट पडली. मुलगा अनुरा आणि मुलगी चंद्रिका यांचं पटेना. आईचा वारस कोण, हा झगडा. चंद्रिकानं सिनेनट विजय कुमारतुंग यांच्याशी लग्न केलं होतं. १९८४ साली दोघांनी वेगळा पक्ष काढला. आईचा पक्ष लेकीनं सोडला. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी विजय यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं. लेकीच्या पदरात दोन लहान मुलं. एकोणतीस वर्षांपूर्वी आईच्या बाबतीत जे घडलं तेच लेकीच्या बाबतीत, पुन्हा घराच्या दारातच. चंद्रिका मुलांना घेऊन काही काळ देश सोडून गेली. त्याच वर्षी डिसेंबरात बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि जवळपास ४५ टक्के मतं घेऊनही हरल्या.

लेक परत आली, आईच्या पक्षात आली. रुसला तो मुलगा. १९९३ साली अनुरा उठून गेला तो थेट युनायटेड नॅशनल पार्टीत, ज्या पक्षाशी आईनं आणि बापानं आयुष्यभर झुंज घेतली त्या पक्षात. एका ताटात जेवलेली भावंडं दोन बाकांवर बसली. आईनं कुणाला काय म्हणावं?

१९९४ साली चंद्रिका आधी पंतप्रधान आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष झाली. तिनं आईला पंतप्रधान केलं. तिसऱ्यांदा. पण आता खरा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती होता, पंतप्रधानपद मानाचं उरलं होतं. पाय साथ देत नव्हते, चाकाच्या खुर्चीतून नेआण करावी लागे. आई पंतप्रधान आणि लेक तिची वरिष्ठ, अशी गोष्ट जगात दुसरीकडे घडलेली नाही. तमिळ बंडखोरांशी युद्ध चालूच होतं. डिसेंबर १९९९ मध्ये प्रचारसभेत चंद्रिकावर बॉम्बहल्ला झाला, जीव वाचला, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. ज्या भाषेच्या कायद्यानं गाठ बसली तो नवऱ्यानं केलेला, बाईंनी कडक अंमलात आणलेला, आणि त्याचा चटका अखेर लेकीच्या डोळ्याला.

ऑगस्ट २००० मध्ये प्रकृती ठीक नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबर २००० रोजी संसदेची निवडणूक होती. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. कोलंबोहून गाडीनं आपल्या जुन्या मतदारसंघात गेल्या आणि मत दिलं. परतीच्या वाटेवर कडवत गावाजवळ हृदयविकाराचा झटका आला आणि गाडीतच प्रवास संपला. होरगोल्ल येथे साहेबांच्या शेजारी त्यांना पुरलं. त्यानंतर आठवड्याभरात नवी संसद भरली आणि अनुरा तिचा सभापती झाला. तो अजून विरोधी पक्षातच होता. राष्ट्राध्यक्ष बहीण होती.